देवदूतांचा एकच कोश घ्यायचा, तर कुठला?

रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात नववीतल्या एका मुलीने विचारलं, "मिस, मायकल, गॅब्रिएल आणि रफाएल यांचा सण २९ सप्टेंबरला असतो. मग उरिएलचा का नाही?" मी माहीमला राहते, मायकलच्याच नावाचं चर्च घराजवळ आहे, आणि तरी मला धड उत्तर देता आलं नाही. त्यानंतर तीन कोश टेबलावर मांडून हीच नावं तिन्हींत शोधत बसले. तुम्हाला यांतला एकच घ्यायचा असेल, तर मला दिसलं ते सांगते.

पहिला, गुस्ताव डेव्हिडसन यांचा 'अ डिक्शनरी ऑफ एंजल्स', १९६७ चा. डेव्हिडसन कवी होते आणि पुस्तकावरचा त्यांचा जीव पानोपानी जाणवतो. बायबल, हनोखचा ग्रंथ (बहुतेक बायबलांत नसलेला एक प्राचीन ज्यू ग्रंथ), ज्यूंची कब्बाला परंपरा, मध्ययुगीन मंत्रतंत्राच्या पोथ्या, इंग्रज कवी मिल्टनचं काव्य, सगळीकडची नावं त्यांनी वेचली आहेत. अझाझेल या पतित देवदूताची नोंद काढून बघा. हनोखच्या ग्रंथात पुरुषांना तलवारी घडवायला आणि बायकांना नटायला शिकवणारा तोच, मिल्टनकडे सैतानाचा ध्वज धरणारा तोच. उरिएलचं उत्तरही मला इथेच मिळालं: ७४५ मध्ये रोमच्या धर्मसभेने त्याच्या नावाने प्रार्थना करणं अमान्य ठरवलं. बायबलमध्ये नाव येतं ते मायकल, गॅब्रिएल आणि रफाएल यांचंच. त्यातही रफाएल तोबीतच्या पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही.

पण या कोशात एक मोठी अडचण आहे. हनोखमधलं नाव आणि कुठल्याशा ताईतावरचं नाव एकाच पंगतीला बसतं. नोंदीच्या शेवटी आधार दिलेला असतो, पण त्या आधाराचं वजन किती, ते तुमचं तुम्ही ठरवायचं. नवशिक्याला इथे सगळंच सारखं प्राचीन वाटतं, म्हणून वर्गात मी हा कोश मुलांच्या हातात थेट देत नाही.

दुसरा, 'डिक्शनरी ऑफ डेइटीज अँड डेमन्स इन द बायबल', १९९५ चा. घ्यायचाच असेल तर १९९९ ची सुधारित आवृत्ती घ्या. इथे प्रत्येक नोंदीखाली ती लिहिणाऱ्या अभ्यासकाचं नाव असतं. अझाझेल इथे बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातून सुरू होतो, जिथे दोन बोकडांपैकी एक त्याच्या नावाने रानात सोडतात. मग शब्दाची व्युत्पत्ती, शेजारच्या संस्कृतींतले तसेच विधी, आणि कोणाचं मत का पटत नाही तेही. वाचताना डोकं लागतं, किंमतही झेपेल अशी नाही. धर्मशास्त्र शिकणाऱ्याने मात्र याला पर्याय शोधू नये. ग्रंथालयात बसून वाचला तरी चालेल.

तिसरा, रोझमेरी एलेन गायली यांचा 'द एन्सायक्लोपीडिया ऑफ एंजल्स', १९९६ चा, पुढे २००४ मध्ये वाढवलेला. याची भाषा सोपी आहे. नावांच्या जोडीला संत, साक्षात्कारी माणसं आणि आजच्या काळातल्या श्रद्धाही यात येतात. रक्षक देवदूतावर मन जडलेल्या माणसाला हा सर्वांत जवळचा वाटेल. मला मात्र मूळ ग्रंथाचा शब्द हवा असतो, आणि तिथे हा लवकर संपतो.

मुंबईत राहून देवदूत म्हणजे फक्त चर्चचा विषय मानणं बरोबर नाही. बहमन, अर्दिबेहेश्त, खोरदाद ही पारशी महिन्यांची नावं म्हणजे मूळचे अमेश स्पेंत, पारशी धर्मातले देवदूतांसारखे दिव्य जीव. त्यांच्यासाठी फोर्टातल्या के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटची वाट धरावी. इस्लाममधल्या फरिश्त्यांसाठी स्टीफन बर्ज यांचं 'एंजल्स इन इस्लाम' (२०१२) घ्या. ते इस्लामी विद्वान सुयुती यांच्या पंधराव्या शतकातल्या संग्रहावर उभं आहे.

माझं मत विचाराल, तर घरी ठेवायला डेव्हिडसनच, पण उजव्या हाताला बायबल उघडं ठेवून. नोंद वाचली की आधी शेवटचा आधार बघायचा. तो बायबलमधला असेल तर तिथल्या तिथे ताडून घ्यायचा, पोथीतला असेल तर पेन्सिलीने बाजूला 'पोथी' असं लिहायचं. माझ्या प्रतीत उरिएलच्या समासात आता 'हनोख' असं लिहिलेलं आहे, आणि पुढच्या रविवारी ते पान मी वर्गात घेऊन जाणार आहे.