आठवीतल्या लेकीला टॅब की जुना लॅपटॉप?

कोथरूडची मावसबहीण याच पेचात आहे. खर्च जवळपास सारखाच. पण जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा बदलता येते. टॅबची काच फुटली की दुरुस्ती जड जाते.

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून 'दीक्षा' या सरकारी शिक्षण-ॲपवरचे धडे बघायला टॅब सोपा. मात्र स्क्रॅचमध्ये (ठोकळे जोडून कोडिंग शिकवणारं सॉफ्टवेअर) स्वतःचा खेळ रचायचा, पानभर मराठी टाइप करायचं, तर लॅपटॉपच सोयीचा. स्क्रॅच फुकट आहे, इंटरनेटशिवायही चालतं. मुलं नुसती बघत न बसता काही घडवतात, मला हेच मोलाचं वाटतं.

सुरक्षितता? टॅब पांघरुणात जातो, लॅपटॉप हॉलच्या टेबलावर राहतो. अँड्रॉइड टॅबवर गूगलच्या फॅमिली लिंक ॲपने वापराची वेळ बांधता येते, तरी लेकीशी बोलणं आधी.

चित्रं आणि व्हिडिओ-धडे एवढंच हवं असेल तर टॅब घ्या. लिहायची, कोडिंगची ओढ असेल तर लॅपटॉप.