लेबलांच्या खोक्यावरचं लेबलच खोटं निघालं

बाटल्यांवरचा बॅच नंबर आणि मुदतीची तारीख बोटाने पुसली जाते, म्हणून विक्रेत्यांनी माल परत पाठवायला सुरुवात केली. तारीख वाचता येत नसेल तर तो तरी कसा विकणार? प्रिंटर तपासून घेतला, तो ठणठणीत होता. दगा लेबलांच्या रोलमध्ये आणि रिबनमध्ये होता. (रिबन म्हणजे शाईची फीत; प्रिंटर उष्णतेने तिच्यावरची शाई लेबलावर उतरवतो.)

आम्ही साफसफाईची द्रावणं बाटल्यांत भरतो. ती ओघळतात, लेबलाला लागतात. म्हणून लेबल पॉलिस्टरचं, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मचं, आणि छपाई रेझिन रिबनने, म्हणजे सहजी न पुसल्या जाणाऱ्या राळेच्या शाईने, असं पुरवठादाराशी ठरलं होतं. त्याचा नमुना उत्तम होता. स्पिरिटचा बोळा घासला तरी अक्षर हललं नाही. माल आला, खोक्यावर स्टिकरही तसाच: पॉलिस्टर, रेझिन, रोलमागे १००० लेबलं.

वरच्या थरातले रोल खरेच पॉलिस्टरचे होते. खाली मात्र चकचकीत क्रोमो कागद. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, पण कोपरा फाडला की कळतो: कागद तंतू काढत फाटतो, पॉलिस्टर ताणलं तरी सहजी फाटत नाही. रिबन तर साध्या मेणाची. मेण कमी उष्णतेवर वितळतं, रेझिनला जास्त लागते. त्यामुळे प्रिंटरची उष्णता कमी ठेवूनही अक्षर ठसठशीत उमटलं आणि नखाने खरवडलं तर निघालं, तर ती रेझिन रिबन नाही.

लेबलांच्या संख्येतही हात मारला होता. ५० मिलिमीटर लांबीचं लेबल आणि मधली ३ मिलिमीटरची फट धरली तर १००० लेबलांना ५३ मीटर पट्टी हवी. आतल्या नळीचा पुठ्ठा जाड वापरला की पट्टी कमी असूनही रोल बाहेरून तेवढाच गुबगुबीत दिसतो. आम्ही लेबलांवर अनुक्रमांक छापत गेलो. रोल संपला तरी आकडा हजाराला पोचला नव्हता.

पुरवठादार आधी म्हणाला, लॉट बदलला असेल. मग म्हणे, तुमच्याकडे दमटपणा आहे. (दमटपणाने पॉलिस्टरचा कागद होतो, हे नवीनच ऐकलं!) खरी मेख बिलात होती. तिथे फक्त ‘बारकोड लेबल रोल’ आणि ‘रिबन’ एवढंच. पॉलिस्टर नाही, रेझिन नाही, नगही नाहीत. सगळी वचनं सोलून फेकता येईल अशा स्टिकरवर, आणि सहीशिक्क्याच्या कागदावर अवाक्षर नाही. हा विसराळूपणा आहे असं मला वाटत नाही. पैसे आधीच चुकते झाले होते, ते परत मिळाले नाहीत.

आता लेबलाचं साहित्य, गोंदाचा प्रकार, रिबनची जात आणि रोलमधली संख्या बिलात लिहिल्याशिवाय आम्ही ऑर्डर देत नाही. नमुन्याच्या पट्टीवर पुरवठादाराची सही घेतो. पैसे देण्याआधी खोक्याच्या तळातला रोल काढून फाडून बघतो. नवा पुरवठादार यावर थोडा कुरकुरला, पण खोकं आमच्यासमोर उपसू द्यायला तयार झाला.