मांडीवरची स्लाइड गिटार : आठ महिन्यांनंतर

वय ५१, गाण्याचं शिक्षण शून्य आणि लेकाने दहावीनंतर कपाटावर टाकलेली गिटार. एवढ्या भांडवलावर नवरात्रात सुरुवात केली. विश्वमोहन भट्टांना १९९४ साली ग्रॅमी मिळालं तेव्हापासून मोहनवीणा, म्हणजे त्यांनी गिटारवरून घडवलेलं वाद्य, डोक्यात होती. पण तरफांच्या (आपोआप झंकारणाऱ्या) तारांसकट ते प्रकरण नवशिक्याला झेपणारं नाही. गिटारवादक ब्रिजभूषण काबरांनी गिटार मांडीवर आडवी घेऊनच राग वाजवले होते, म्हटलं तेवढं तरी करून बघू.

पहिला फटका ठाण्यातल्याच एका दुकानात बसला. "स्लाइड हवीय" म्हटल्यावर बोटात घालायची काचेची नळी हातात दिली, "सगळे हीच नेतात." ती गिटार उभी धरून वाजवणाऱ्यांसाठी असते. आडव्या गिटारवर तिचा उपयोग नाही हे कळायला दोन आठवडे गेले. मांडीवर वाजवायला भरीव, गोल पोलादी बार लागतो. माझा दोनशे ग्रॅमच्या आसपास आहे. हे वजन महत्त्वाचं, कारण बार दाबायचा नसतो, नुसता तारेवर ठेवायचा. दाबला की तार पडद्याला, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला, लागून खडखडते. तारा उंच करायला नटवर (मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) एक धातूची पट्टी बसवली, उजव्या हाताला अंगठ्याची नखी घेतली, झाला संसार.

तारा सा प सा ग प सा अशा लावल्यात, सा म्हणजे पाश्चात्त्य डी. नेहमीच्या जुळणीपेक्षा चार तारा उतरतात, दोन तशाच राहतात, त्यामुळे तार तुटायची भीती नाही.

आता खरी गोष्ट. साध्या गिटारवर बोट दोन पडद्यांच्या मध्ये दाबतात, इथे बार थेट पडद्याच्या वर यावा लागतो. पण वरून वाकून बघताना नजर तिरकी पडते. आपल्याला वाटतं बार पडद्यावर आहे, तो असतो थोडा अलीकडे नाहीतर पलीकडे. मी महिनाभर डोळे फाडून पडदे बघत होतो आणि स्वयंपाकघरातून बायको "चढलं", "उतरलं" असं ओरडत होती. तिला गाणं येत नाही, फक्त कान आहे.

नौपाड्यात सतार शिकवणाऱ्या एका बाईंकडे शनिवारी जातो. त्यांनी तानपुऱ्याचं ॲप लावलं आणि म्हणाल्या, "डोळे मिटा, आणि गंधार शोधा." गंधार म्हणजे ग. सापडला तेव्हा डोळे उघडले, तर बार चौथ्या पडद्याच्या मागे, नटाच्या बाजूला! मला वाटलं चुकलो. बाई हसल्या. घरी येऊन हिशोब केला: माझी तार ६५० मिलिमीटरची, चौथा पडदा १३४ मिलिमीटरवर आणि तानपुऱ्याशी जुळणारा गंधार बरोबर १३० वर. म्हणजे चार मिलिमीटर, सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पडद्यांमधल्या सुराच्या फरकाचा शंभरावा भाग). पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून बसवलेले, आपला गंधार त्यात नेमका बसत नाही. ट्यूनरवर हिरवा दिवा लागेपर्यंत जुळवलेली गंधाराची तारही मग चढीच वाटायला लागली. ती आता कानाने उतरवतो. त्या दिवसानंतर पहिल्या तारेवर पडदे बघायचं सोडलं. भूप रागाचे सूर कितव्या पडद्यांवर येतात, ते ०, २, ४, ७, ९, १२ एवढे आकडे लक्षात आहेत, ते फक्त गल्ली कुठली ते सांगतात, घर कानानेच शोधायचं.

कटकटी आहेत. बारच्या मागे दोन बोटं तारांवर टेकवून ठेवली नाहीत तर मागची तार कुईकुई करते, आणि ही सवय मला अजून लागलेली नाही. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) सुंदर येते, द्रुत तान विसरा. तासभर मांडी घालून बसलं की गुडघे बोलतात, म्हणून खुर्ची. आणि जूनपासून ठाण्याची दमट हवा! वाजवून झाल्यावर तारा पुसल्या नाहीत तर आठवड्यात गंज चढतो, आणि गंजलेल्या तारेवर बार वाळूत फिरवल्यासारखा ओरखडतो.

परवा भूप वाजवताना आतून एकही "चढलं" आलं नाही. खूश होऊन स्वयंपाकघरात डोकावलो, तर ती वरच्या मजल्यावर शेजारणीकडे गेली होती.