३,२०,००० येनचा खुळखुळा

आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी खोदून विचारायला नको. ३,२०,००० येन. रुपयांत पावणेदोन लाखांच्या वर. एवढे पैसे मी एका वाडग्याला मोजले. मातीच्या, ओंजळीत मावेल एवढ्या. आईला खरा आकडा अजून सांगितलेला नाही. तिच्या लेखी ते 'वीसेक हजारांचं काहीतरी' आहे, आणि तेवढ्यावरच ती म्हणाली, "अगं, दीडशे रुपयांचा माठसुद्धा आपण वाजवून घेतो."

हे वाक्य मला इतकं का झोंबलं ते पुढे कळेल.

मी अगदीच नवखी नाही, हे आधी लिहू द्या. जपानमध्ये नऊ वर्षं झाली, त्यातली सहा वर्षं दर शनिवारी चहाविधीच्या क्लासला जाते. जुनी भांडी जमवायला सुरुवात केली ती क्योतोच्या तोजी देवळात, दर २१ तारखेला भरणाऱ्या बाजारात. दोन-तीन हजार येनला इमारीचे, म्हणजे आरिता गावात बनून इमारी बंदरातून बाहेर जाणाऱ्या पोर्सिलेनचे, निळे-पांढरे छोटे पेले. त्यांच्या बुडाशी पुष्कळदा चिनी मिंग राजवटीतल्या चेंगहुआ बादशहाचं नाव असतं. हा बादशहा १४६५ ते १४८७ मधला आणि आरितात पोर्सिलेन व्हायला लागलं १६१० च्या दशकात. म्हणजे ते नाव नुसती नक्कल, त्यावरून काळ ठरवायचा नसतो. हे मला ठाऊक होतं. ऑफिसातल्या लोकांना मी ऐटीत सांगायचे. आता तोंड लपवून फिरते.

पण चहाचा वाडगा, म्हणजे चावान, हे प्रकरण वेगळं. हागी हे पश्चिम जपानातलं गाव, चहाच्या भांड्यांसाठी नावाजलेलं. तिथल्या जुन्या वाडग्यावर बहुतेक वेळा ना सही ना शिक्का. सगळी भिस्त पेटीवर. पावलोनियाच्या हलक्या लाकडाची पेटी, तिच्या झाकणावर शाईनं कुणीतरी जाणकारानं लिहिलेलं असतं की आत काय आहे. आणि पेटी खरी, आतला माल खोटा, ही चलाखी काही नवीन नाही. भारी परफ्युमच्या रिकाम्या बाटल्या कोण विकत घेतं आणि कशाला, हे आपल्याला मुंबईत कळतं. तोक्योत आल्यावर कळेनासं होतं.

दुकान तोक्योच्या एका जुन्या भागात होतं. नाव लिहीत नाही, कारण इथं गोष्ट खरी असली तरी बदनामीचा दावा लागू शकतो, असं वकीलबाईंनी बजावलंय. (त्यांची अर्ध्या तासाची फी ५,५०० येन. हाही हिशेब लागतोच.) म्हातारा दुकानदार, अतिशय गोड. दाराशी जुन्या मालाच्या धंद्याच्या परवान्याची निळी पाटी, पांढऱ्या अक्षरांत बारा आकडी नंबर. ती पाटी बघूनच मी अर्धी गारद झाले. त्यानं मला बसवलं, चहा दिला, कुठली म्हणून विचारलं. "इंदो," म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. आतून पेटी आणली, चपट्या विणीचा बंद सोडला, आणि आतून निघालं पिवळंधमक कापड. "उकोन," तो म्हणाला. म्हणजे हळद. कीड लागू नये म्हणून इथं जुन्या भांड्यांना हळदीत रंगवलेल्या कापडात गुंडाळायची रीत आहे. "तुमच्याच देशाची वस्तू ना ही?"

मी विरघळले. खरं सांगते, तिथंच विकली गेले. घरापासून सहा-सात हजार किलोमीटरवर कुणी हळद दाखवून 'तुमची' म्हणालं की माणसाचं डोकं चालत नाही. नंतर क्लासमधल्या एका बाईनं सांगितलं की आता ही कापडं बहुतेक कारखान्यातल्या रंगाचीच असतात. हळदसुद्धा खरी नव्हती.

वाडगा सुंदर होता, हे नाकारत नाही. जर्दाळूच्या सालीसारखा रंग, बुडाच्या कड्याला हागीची ती ठरावीक खाच, अंगभर बारीक तडे आणि त्यांत मुरलेला तपकिरी डाग. एका बाजूनं फुटलेला, सोन्यानं सांधलेला. हागीची कथा मला पाठच होती: सोळाव्या शतकाच्या शेवटी जपानचा सत्ताधीश हिदेयोशीनं कोरियावर केलेल्या स्वाऱ्यांनंतर तिकडून आणलेले कुंभार, १६०४ मध्ये मोरी सरदार हागीला आला तेव्हा त्याच्या आश्रयानं लागलेली भट्टी, वर्षानुवर्षं चहा मुरून बदलत जाणारा रंग. दुकानदाराला फारसं बोलावंच लागलं नाही. मीच माझ्या तोंडानं मला वाडगा विकला. तो फक्त म्हणाला, "एदो काळापर्यंत जाईल असं वाटतं. दोनशे वर्षं तरी." (एदो काळ म्हणजे १६०३ ते १८६८.) आणि पेटीवरचं लिखाण वाडगा घडवणाऱ्या कुंभाराच्याच घराण्यातल्या पुढच्या पिढीचं आहे म्हणाला.

'वाटतं.' हा शब्द लक्षात ठेवा.

आता तो क्षण. रोज रात्री तो मला आठवतो. किंमत ठरली (३,८०,००० सांगितली, मी ३,००,००० म्हटलं, रोख दिले तर ३,२०,००० वर तो आला), त्यानं वाडगा पेटीत ठेवला, झाकण लावलं, पेटी उचलून माझ्या हातात देताना जरा तिरकी झाली आणि आतून आवाज आला. टक्. मग परत, टक्. अशी पेटी त्या एका वाडग्याच्या मापानं बनवून घेतात. आत बोटभरसुद्धा जागा फाजील नसते. क्लासमध्ये सेन्सेईंच्या, म्हणजे आमच्या शिक्षिकेच्या, पेट्या मी शेकडो वेळा उचलल्यात, एकही कधी वाजलेली नाही. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं शांतपणे झाकण काढलं, खणातून तसलंच आणखी एक पिवळं कापड काढलं, वाडग्याभोवती गुंडाळलं. आवाज बंद. "ट्रेननं जाणार ना? जपून न्या."

आणि मी, सहा वर्षं शिकलेली मी, त्याला वाकून धन्यवाद दिले! काळजीबद्दल! माठ आपण टिचकी मारून वाजवतो, हा तर न विचारता स्वतःच वाजला, ते मी कानांनी ऐकलं, आणि कापड कोंबून गप्प केलेला माल हसतहसत घरी आणला.

दुसरी चूक पावतीची. ५०,००० विसार त्याच दिवशी दिला, उरलेले २,७०,००० दुसऱ्या दिवशी एटीएममधून काढून. मी म्हटलं, पावतीवर 'हागी, एदो काळ' असं लिहाल का? तो हसला. "नेहमी 'वस्तूची किंमत' एवढंच लिहितो आम्ही." आणि तेवढंच लिहिलं. वर २०० येनचा सरकारी स्टँप चिकटवून त्यावर आपला शिक्का मारला. स्टँप बघून मला वाटलं, झालं, सगळं कायदेशीर. तो स्टँप ५०,००० किंवा त्यावरच्या पावतीला करापोटी लावावाच लागतो. वाडगा प्लॅस्टिकचा असता तरी लागला असता. पावतीवर वस्तूचं नाव, काळ आणि 'अस्सल' हा शब्द नसेल तर पैसे काढूच नका. विकणारा लिहायला नाही म्हणाला, तर तेच उत्तर समजा.

नवव्या दिवशी मी तो मिरवत क्लासला नेला. सेन्सेई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांनी वाडगा दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, अंगठा बुडाच्या कड्यावरून फिरवला आणि म्हणाल्या, "ओमोशिरोई ओचावान देस ने." मजेशीर वाडगा आहे हं. बाकीच्या बायकांनी एकदम खाली बघितलं. इथं राहिलेल्यांना सांगायला नको, की वस्तू चांगली असेल तर 'मजेशीर' म्हणत नाहीत. क्लास संपल्यावर, सगळ्या गेल्यावर, त्यांनी एवढंच विचारलं, "चहा बाहेरून कोण पितं?" मी बघितलं. खरंच, डाग आत होता तसाच आणि तितकाच बाहेरही होता, अगदी बुडापर्यंत. बुडव्यानं बुडवून काढलेला, दुसरं काय. शिवाय दोनशे वर्षं चटईवर टेकलेलं बूड गुळगुळीत व्हायला हवं, ते अजून खरखरत होतं.

घरी येऊन रात्रभर कोमट पाण्यात ठेवला. सकाळी पाणी कोऱ्या चहासारखं. सोन्याचा सांधा नखानं खरवडला तर नेलपॉलिशसारखा पापुद्रा निघाला. खरी दुरुस्ती उरुशी लाखेची आणि वर सोन्याची भुकटी असते, नखानं निघत नाही. नवरा शेजारी उभा होता, काही बोलला नाही. त्याचाही मला रागच आला.

एका जाणकाराला दाखवला, ११,००० येन दिले. पेटी खरी, अक्षर खरं, वाडगा गेल्या वीस-तीस वर्षांतला, म्हणाला. लिहून द्या म्हटलं तर, "सांगतो, लिहीत नाही."

आणि मग सुरू झाली वरात. दुकानदार कमरेत वाकला आणि म्हणाला, प्रत्येकाची नजर वेगळी असते, ४०,००० ला परत घेतो. पोलिसांकडे गेले. ती बारा आकडी परवान्याची पाटी तुमच्याच खात्यामार्फत मिळते ना, म्हटलं. हो, पण तो कायदा चोरीचा माल फिरू नये म्हणून आहे. हा वाडगा चोरीचा आहे का? नाही. मग ही दिवाणी बाब, आम्ही पडत नाही. म्हणजे चोरलेला असता तर माझं बरं झालं असतं! ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर एक तास वीस मिनिटं बसले. आठ दिवसांत माल परत करायची सवलत घरी येऊन विकणाऱ्यांसाठी आहे, तुम्ही तर आपल्या पायांनी दुकानात गेलात. खोटं सांगून विकलं असेल तर वर्षाच्या आत करार रद्द करता येतो, पण तो 'असं वाटतं' म्हणाला ना? मग ते मत झालं. फॉर्मवर वस्तूच्या प्रकारात जुन्या वस्तूंचा रकानाच नव्हता, त्या बाईंनी 'स्वयंपाकघरातील भांडी' वर खूण केली. संग्रहालयात फोन केला: आम्ही खासगी वस्तूंची पारख करत नाही. ६,००,००० येनपर्यंतचा छोटा दावा एका सुनावणीत निकाली निघतो, हेही कळलं. पण न्यायाधीश पहिलं विचारणार, त्यानं कबूल काय केलं होतं? माझ्याकडे कागद कुठला, तर 'वस्तूची किंमत'. प्रत्येक जण नम्र, प्रत्येक जण वाकून निरोप देणारा, आणि प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचा पत्ता. तीन अर्ध्या रजा गेल्या. अरे, कुणीतरी निदान त्या माणसाला फोन करून विचारा! नाही.

आणि हे सगळे जेव्हा 'ग्राहकानं पारखून घ्यावं' म्हणतात ना, तेव्हा मला १९५९ आठवतं. एइनिन या जपानी कालखंडाचं दुसरं वर्ष, म्हणजे १२९४, असं कोरलेली एक सुरई याच देशाच्या सरकारनं महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून जाहीर केली होती. शिफारस करणारे कोयामा फुजिओ, देशातले नावाजलेले तज्ज्ञ. ती निघाली कातो तोकुरो या तेव्हा हयात असलेल्या कुंभाराच्या हातची. १९६१ मध्ये दर्जा काढून घ्यावा लागला, कोयामांची नोकरी गेली. सरकारला क्ष-किरण लावून कळलं, आणि मला दुकानातल्या पिवळ्या दिव्यात कळायला हवं होतं! हो, आणि वस्तू दिव्याखाली बघू नका, दुपारी दाराशी आणून बघा. दुकानदाराचं बोलणं फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. विसार देऊन आलात तर एक रात्र मध्ये जाऊ द्या आणि उरलेले द्यायला एकटी जाऊ नका, सोबत कुणी तरी खडूस माणूस न्या.

क्लासमधल्या बायका समजूत घालताना म्हणतात, "ज्युग्योर्यो." शिकवणीची फी. आपल्याकडे अक्कलखाती जमा म्हणतात तेच. कुठल्याही भाषेत ऐकायला तितकंच घाण वाटतं.

गेल्या महिन्यात एका बाजारात पेटी घेऊन गेले, नुसती चौकशी म्हणून. एका विक्रेत्यानं वाडगा बाजूला ठेवला, बघितलाही नाही. झाकणावरचं अक्षर दोनदा वाचलं. "पेटी २०,००० ला घेतो. वाडगा तुमच्याकडेच ठेवा." ३,३६,५०० गेलेल्या बाईला २०,००० लहान नसतात, मिनिटभर हात अडखळला. मग बंद बांधला आणि परत आणली.

त्या रात्री झाकण उलटं केलं आणि आतल्या बाजूला जाड मार्करनं, देवनागरीत आणि खाली जपानीत, लिहिलं: 'यातून निघालेला वाडगा खोटा. ३,२०,००० येन.' खाली तारीख घातली, सही केली. शाई लाकडात चांगली मुरली आहे.