पापलेट ‘साडेचारशेला’, बिल सहा हजारांच्या घरात

जुन्या मित्रमैत्रिणींबरोबर जेवायला बसलं की भाव विचारायला जीभ रेटत नाही. घरच्यांबरोबर असलो तर आपण मेन्यूकार्डाचा उजवा रकाना आधी वाचतो. पण वर्षाकाठी कधीतरी भेटणारे मित्र समोर असले की “अरे, मागव ना, काय हवं ते” असं होतं. ज्यांना ग्राहकाला लुटायचंच आहे, त्यांना ही भीड पक्की ठाऊक असते. आमच्या बाबतीत जे घडलं ते याच भिडेच्या आधारावर घडलं, म्हणून सगळं तपशीलवार लिहितेय.

जुलैमधली गोष्ट. आम्ही चौघं कॉलेजचे मित्र. दोघं पुण्याहून खोपोली-पेणमार्गे, दोघं मुंबईहून, असे अलिबागला जमलो होतो. रात्री पाऊस धो धो पडत होता. राहत्या ठिकाणाजवळच रस्त्याला लागून एक मोठं, झगमगाटाचं ‘सी फूड’ रेस्टॉरंट होतं, तिथे शिरलो. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे, आणि हा प्रकार काही त्या एकाच ठिकाणी चालत नाही.

बसतो न बसतो तोच वेटर स्टीलच्या ताटात एक मोठं पापलेट घेऊन आला. “ताई, सकाळीच उतरलंय, बघा किती ताजं. तंदूरमध्ये साडेचारशेला लावतो, चौघांना पुरेल.” आमच्यातली एक मैत्रीण रेवदंड्याकडची, मासे बघत वाढलेली. तिने कल्ले उचलून पाहिले. लाल नव्हते, विटकरी झाले होते, आणि डोळे आत गेले होते. ती हळूच म्हणाली, “अगं, हे बर्फातलं आहे.” तिचं बरोबरच होतं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. बिगरयांत्रिक छोट्या होड्यांना त्यातून सूट आहे, खाडीतलं थोडंफार मिळत राहतं. पण एवढं मोठं पापलेट भर जुलैत ‘सकाळी उतरलंय’ असं कुणी सांगत असेल, तर त्याच्या पुढच्या प्रत्येक वाक्याकडे कान देऊन ऐकायला हवं. बर्फातला मासा विकण्यात गैर काही नाही, नीट साठवलेला असेल तर तो चांगलाही लागतो. गैर आहे ते त्याला ताजा म्हणून विकणं.

तरी चौघांत साडेचारशे म्हणजे ठीकच, असं म्हणून ते सांगितलं. बँकेतल्या मित्राने आमच्या ग्रुपवर टाकायला म्हणून त्या ताटाचा फोटो काढला. पुढे तोच फोटो कामी आला.

मेन्यूकार्डात पापलेटच्या ओळीसमोर आकडा नव्हता, इंग्रजीत ‘एपीएस’ एवढीच तीन अक्षरं होती. याचा अर्थ आकारमानाप्रमाणे भाव. पापलेट, खेकडे, लॉबस्टर, टायगर कोळंबी यांच्यापुढे किनाऱ्यावरच्या बऱ्याच हॉटेलांत हेच लिहिलेलं असतं आणि त्यामागे खरं कारणही आहे, माशांचा भाव रोज बदलतो. पण प्रामाणिक हॉटेलात वेटर आपणहून सांगतो, की शंभर ग्रॅमला अमुक, याचं वजन तमुक, म्हणजे एवढे होतील, चालेल का? आमच्या वेटरने ‘साडेचारशेला’ म्हटलं. शंभर ग्रॅमला, हे शब्द गिळून टाकले.

बाकी जेवण साधंच. दोन सुरमई रवा फ्राय, कोळंबी मसाला, तांदळाच्या भाकऱ्या, दोन भात, चार सोलकढ्या. मध्येच एक वाटी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं टेबलावर आलं. आम्ही मागवलं नव्हतं. “शेठनी पाठवलंय, चाखून बघा,” असं सांगून वेटर निघून गेला. गप्पा इतक्या रंगल्या होत्या की कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही, आणि कुणाच्याही घरी असं काही पुढे आलं तर आपण विचारतही नाही.

मग बिल आलं. छोट्या चामडी पाकिटात घडी घातलेलं, वर बडीशेपेची वाटी ठेवलेली. पापलेट 2790. सुरमई 840. तिसऱ्या सुकं 380. कोळंबी 390. भाकरी आठ, 240. भात 220. सोलकढी 240. एकूण 5100. त्याखाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज 510. मग त्या 5610 वर पाच टक्के जीएसटी 280 रुपये 50 पैसे. सगळं मिळून 5890 रुपये 50 पैसे.

आता बघा, चौघांत वाटले की माणशी 1473 होतात. पावसाळी सुट्टी, समुद्रकिनारा, चांगली संगत, तिथे हा आकडा कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. एकाने फोन काढून क्यूआर स्कॅन करायलाही घेतला होता. 2790 चं पापलेट एकट्याच्या बिलात असतं तर तो खुर्चीतून उठला असता. चार भाग झाले की तोच आकडा सातशेच्या आत येतो आणि निमूटपणे निघून जातो. वाटून घेण्याची ही सवय फार चांगली आहे, मैत्रीत ती असावीच. पण वाटण्याआधी एकाने बिल मोठ्याने वाचायचं, एवढा नियम आम्ही त्या रात्रीपासून केला आहे.

रेवदंड्याच्या मैत्रिणीने ते वाचलं. पहिल्यांदा तिला दिसली ती भाकरी. आम्ही सहा खाल्ल्या होत्या. मग तिसऱ्या. मग पापलेट. वेटरला बोलावलं तर तो म्हणाला, “ताई, शंभर ग्रॅमला साडेचारशे, 620 ग्रॅम भरलं.” तिने शांतपणे मित्राच्या फोनवरचा फोटो मोठा करून बघितला आणि ताटलीतला सांगाडा त्याच्या शेजारी ठेवला. फोटोतल्या पापलेटच्या शेपटीचा खालचा काटा जाळ्यात अडकून फाटलेला होता, स्पष्ट दिसत होता. आमच्या ताटलीतल्या माशाची शेपटी अखंड होती, भाजून करपलेली, पण दोन्ही टोकं शाबूत. शिवाय दाखवलेला मासा ताटाच्या काठापर्यंत पोचला होता, आणि खाल्लेला तिच्या वितीतही बसत होता. भाजल्यावर मासा वजनाला कमी होतो हे खरं, पण त्याचा काटा आखूड होत नाही आणि फाटलेली शेपटी जोडली जात नाही. दाखवलं एक, वजन सांगितलं त्याचं आणि भाजलं दुसरं.

आमच्यातला एक जण हळूच म्हणाला, “जाऊ दे गं, कशाला तमाशा? भेटलोय किती दिवसांनी.” त्याचा हेतू चांगला होता, मला त्याचा राग आला नाही. पण ‘भीड भिकेची बहीण’ आपले आजी-आजोबा उगाच म्हणत नव्हते. तो “जाऊ दे” येणार, हे त्या मॅनेजरला आमच्याआधी माहीत होतं. त्यावरच तर सगळा खेळ उभा असतो.

मॅनेजर आला. आधी आवाज चढवला, आजूबाजूची टेबलं बघायला लागतील असा. सर्व्हिस चार्जबद्दल विचारलं तर ठणकावून म्हणाला, “तो सरकारी आहे, सगळीकडे लागतो.” ही धडधडीत खोटी गोष्ट आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावाखालीही घ्यायचा नाही, सक्ती करायची नाही, आणि तो बिलात मिळवून त्या बेरजेवर जीएसटी तर मुळीच लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि 28 मार्च 2025 रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळून त्या सूचना कायम ठेवल्या. टीप द्यायची असेल तर ती ग्राहकाने, खुशीने. चांगलं वाढणाऱ्या पोऱ्याच्या हातात मी आजही टीप ठेवते. तो पैसा त्याच्याच खिशात जातो, बिलातल्या त्या ओळीचं तसं सांगता येत नाही.

बँकेतल्या मित्राला वेगळीच गोष्ट खटकली. बिलाच्या डोक्यावर ‘एस्टिमेट’ असं छापलेलं होतं आणि जीएसटी क्रमांक कुठेच नव्हता. हा फसवणुकीचा सगळ्यात गुपचूप प्रकार, कारण कर दिसला की आपल्याला वाटतं, बिल पक्कं आहे. जीएसटी आकारणाऱ्या हॉटेलच्या बिलावर पंधरा अक्षर-अंकांचा क्रमांक असायलाच हवा, महाराष्ट्रातल्या हॉटेलचा असेल तर तो 27 पासून सुरू होतो. ‘एस्टिमेट’ म्हणजे नुसता अंदाजाचा कागद. त्यावर घेतलेला कर सरकारकडे जातो याला काडीचा पुरावा नाही.

आम्ही पक्कं बिल मागितलं आणि ज्या काट्यावर मासा जोखला तो काटा बघायला मागितला. हे दुसरं वाक्य उच्चारताच मॅनेजरचा आवाज उतरला. व्यापारात वापरायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करून त्यावर वैध मापन शास्त्र विभागाची, म्हणजे आपण ज्याला वजनमापे खातं म्हणतो त्यांची, मुद्रा घ्यावी लागते. आम्हाला काटा दाखवलाच नाही. “आचारी गेला, किचन बंद झालं,” म्हणाले, आणि आतून तर फोडणीचा वास येत होता.

बऱ्याच वेळाने सर्व्हिस चार्ज, तिसऱ्या आणि दोन भाकऱ्या कमी झाल्या. पापलेटवर ते अडून बसले. नवीन बिल 4660 चं, वर जीएसटी 233, एकूण 4893, आणि यावर क्रमांक छापलेला होता. आम्ही ते पैसे दिले, पण बिलावर पेनाने ‘पापलेटचा भाव व वजन अमान्य’ असं लिहून त्याचा फोटो घेतला. पैसे देताना आणखी एक दिसलं. क्यूआर स्कॅन केल्यावर हॉटेलचं नाव न येता कुणा व्यक्तीचं नाव आलं. त्याचाही स्क्रीनशॉट ठेवला.

खोलीवर आल्यावर मित्राने तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला. ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये कुणालाही, लॉगिन न करता, हे बघता येतं. निघालं काय, तर हॉटेल ‘कंपोझिशन’ योजनेतलं. या योजनेत वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेला हॉटेलवाला आपल्या उलाढालीवर पाच टक्के कर स्वतःच्या पदरचा भरतो. ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेण्याचा त्याला हक्क नसतो, आणि बिलावर तसं छापणं त्याला बंधनकारक असतं. म्हणजे ते 233 रुपयेही आमच्याकडून घ्यायचेच नव्हते. पक्कं म्हणून दिलेल्या बिलातही फसवणूक होतीच.

दुसऱ्या दिवशी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मराठीत बोलता येतं, पलीकडची मुलगी नीट ऐकून घेत होती. दोन्ही बिलं, ताटाचा फोटो, सांगाड्याचा फोटो, पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट असं सगळं जोडलं. काही दिवसांनी हॉटेलमालकाचा स्वतःहून फोन आला, भाषा एकदम मऊ. जीएसटीचे 233 रुपये परत आले. पापलेटबद्दल मात्र ‘भाव सांगितला होता’ हेच चालू आहे, त्यामुळे वजनाची तक्रार वैध मापन शास्त्र विभागाकडे वेगळी केली आहे.

एक गोष्ट त्या हॉटेलच्याही बाजूने सांगते. पापलेटला 2790 लावणं हा गुन्हा नाही. भाव ठरवायचा त्यांना हक्क आहे, अगदी पाण्याची बाटलीसुद्धा हॉटेलात छापील किमतीपेक्षा जास्त भावाने विकता येते, सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये तसं म्हटलं आहे. आमचं भांडण महागाईशी नव्हतं. अर्धा भाव सांगणं, दाखवलेला मासा बदलणं, न मागवलेलं बिलात घालणं आणि सरकारच्या नावावर पैसे उकळणं, भांडण त्याच्याशी आहे. आणि त्याच अलिबागेत दुसऱ्या दिवशी दुपारी एका घरगुती खानावळीत जेवलो. फळ्यावर खडूने थाळीचा भाव लिहिलेला, मावशींनी आधीच सांगितलं, “पापलेट नाही हो, बंदी आहे, सुकट चालेल का?” कोकणातली अशी माणसं त्या झगमगाटी हॉटेलांमुळे उगाच बदनाम होतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

तुमच्याकडेही अशी ‘एस्टिमेट’ची चिठ्ठी पडली असेल तर फेकू नका. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही, आणि हॉटेल कुठेही असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत उडते, तेव्हा बिलाचा फोटो आजच काढून ठेवा.