व्हेराक्रिप्ट: मराठी पासवर्ड चालतो, पण ‘ऱ्य’ टाळा

साताऱ्यात राजवाड्याजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे. मृत्युपत्रं, वाटणीपत्रं, साठेखतं माझ्याकडे टाइप होतात, म्हणजे लोकांच्या घरातल्या गोष्टी माझ्या मशीनवर असतात. त्या मी व्हेराक्रिप्ट या फाइलींना पासवर्डचं कुलूप लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवते. ट्रूक्रिप्ट हे याच कामाचं जुनं सॉफ्टवेअर २०१४ मध्ये बंद झालं, त्याच्याच कोडवर हे उभं आहे. पैसे पडत नाहीत आणि एकच फाइल विंडोज, मॅक, लिनक्सवर उघडते.

मला ते आवडतं ते मराठी पासवर्डसाठी. २०१६ च्या १.१७ आवृत्तीपासून कुठल्याही लिपीतली अक्षरं चालतात. माझी वयस्कर गिऱ्हाइकं इंग्रजी पासवर्ड डायरीत लिहून ठेवतात. स्वतःच्या भाषेतले चार-पाच शब्द मात्र पाठ राहतात. १.२४ पासून मर्यादा १२८ बाइटची आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रासुद्धा, त्यामुळे साधारण ४२ चिन्हं बसतात. पुरेशी आहेत.

आता काळजीची गोष्ट. एका वकिलांनी घरच्या लॅपटॉपवर फाइल बनवून आणली, माझ्याकडे उघडेना. पासवर्ड त्यांनी स्वतः टाइप केला, दाखवण्याच्या चौकटीवर टिक करून वाचलाही. अक्षर न् अक्षर बरोबर. मी विचारलं, “साहेब, पासवर्ड सांगू नका, पण त्यात ‘ऱ्य’ आहे का?” होता.

‘साताऱ्याचा’ हा शब्द घ्या. एक की-बोर्ड त्यातला ‘ऱ’ स्वतंत्र अक्षर म्हणून देतो, तेव्हा शब्द ३० बाइटचा होतो. दुसरा साधा ‘र’, हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक टाकतो, तेव्हा ३३. पडद्यावर दोन्ही सारखेच. फ्रेंच ‘é’चंही तसंच: एकसंध लिहिला तर दोन बाइट, ‘e’वर वेगळी खूण चढवली तर तीन. पण त्या दोन रूपांना युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कोड देणारं मानक, समान मानतं, आपल्या ‘ऱ्य’च्या या दोन रूपांना मानत नाही. ‘ॲ’ची तीच कथा, ‘अ’वर चंद्र चढवला की डोळ्यांना फरक कळत नाही, यंत्राला कळतो. आणि पासवर्डपासून किल्ली बनताना एका बिटाचा फरक पडला तरी सगळी किल्ली बदलते. ‘जवळपास बरोबर’ असं काही नसतं, नसावंच. म्हणून याचा दोष मी व्हेराक्रिप्टला देत नाही.

शंका असेल तर लिब्रेऑफिसमध्ये अक्षर निवडून ऑल्ट आणि एक्स दाबा, कोड दिसतो. ०९३१ आला तर स्वतंत्र ‘ऱ’. मी तर सगळ्यांना सांगते, ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’ नसलेलेच शब्द घ्या. ‘परात’, ‘कुळीथ’, ‘पाऊस’ असे. हेच तीन उचलू नका.

अख्खी विंडोज डिस्क कुलूपबंद करायची असेल तर मराठी विसरा. विंडोज सुरू व्हायच्या आधीच पासवर्ड विचारला जातो, तिथे फक्त अमेरिकन इंग्रजी की-बोर्ड असतो.

वकीलसाहेबांनी घरी जाऊन पासवर्ड बदलला. बदलताना फक्त फाइलचा मथळा, म्हणजे किल्ली ठेवलेला छोटा भाग (हेडर), नव्यानं लिहिला जातो, आतला डेटा पुन्हा एन्क्रिप्ट करावा लागत नाही, त्यामुळे मोठी फाइल असूनही काम लगेच झालं. दुसऱ्या दिवशी तीच फाइल माझ्याकडे उघडली आणि वाटणीपत्राची प्रिंट निघाली.