आयडीफिक्स: फुकट आहे, मेल हलवायच्या आधी चालवाच

आमच्या मेल सर्व्हरचा, म्हणजे एक्स्चेंज २०१६ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता म्हणून मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर न्यायचं काम आम्ही त्याच वर्षीच्या मासेमारी बंदीत काढलं. १ जून ते ३१ जुलै बोटी बंद, त्यामुळे रत्नागिरीत आमच्यासारख्या फिश एक्स्पोर्टवाल्यांकडे मेलची गर्दी कमी, तासभर मेल थांबला तरी कंटेनर अडत नाही. त्याच दिवसांत लाईट जाते नि फायबर तुटते ते वेगळंच, असो.

व्हेंडरने कोटेशनमध्ये मेलबॉक्स मोजून पैसे लावलेले, एडी (ॲक्टिव्ह डिरेक्टरी, कंपनीच्या सगळ्या युजर अकाउंटांची यादी) साफ करायचं नावच नाही. विचारलं तर म्हणे सिंक (एडीतली अकाउंटं ३६५ वर उतरवणं) लावला की सगळं आपोआप वर जातं सर. जातं ना, कचऱ्यासकट जातं, आणि जे जात नाही ते का गेलं नाही हे नंतर आपण शोधत बसायचं. म्हणून आधी आयडीफिक्स चालवलं. मायक्रोसॉफ्टचंच टूल आहे, गिटहबवर फुकट मिळतं, डोमेनमधल्या एखाद्या विंडोज मशीनवर टाकायचं नि क्वेरी मारायची, सिंकला अडकणारे सगळे रेकॉर्ड तक्त्यात समोर येतात.

पहिल्याच क्वेरीला स्क्रीन भरून गेली. कारण आमच्या आतल्या डोमेनच्या शेवटी डॉट लोकल, तसलं यूपीएन (मेलच्या पत्त्यासारखं लॉगिन नाव) इंटरनेटवर चालत नाही, मग झाडून सगळ्या युजरना टॉप लेव्हल डोमेनची एरर. हे एकेक ओळ धरून सुधारत बसू नका, वेड लागेल. एडीच्या डोमेन्स अँड ट्रस्ट्समध्ये जाऊन कंपनीचं खरं डोमेन यूपीएन सफिक्स (@ नंतरचा भाग) म्हणून ॲड करा आणि पॉवरशेल कमांडने सगळ्यांचं एकदम बदला. लोक मशीनवर जुन्या छोट्या युजरनेमने लॉगिन करत असतील तर त्यांना पत्ताही लागत नाही.

ते गेलं आणि मग खरी मजा सुरू झाली. ग्रेडिंगच्या एका सुपरवायझरच्या प्रॉक्सी ॲड्रेसला (अकाउंटला जोडलेला मेलचा पत्ता) शेवटी एक स्पेस, कोणीतरी कधीतरी एडीच्या ॲट्रिब्यूट एडिटरमध्ये हाताने पेस्ट केलेली, डोळ्याला दिसणं शक्यच नाही, टूलने बरोबर पकडली. मग दोन सावंत. एक डिस्पॅचला, दुसरे केव्हाच नोकरी सोडून गेलेले, अकाउंट डिसेबल पण मेलचा पत्ता दोघांच्या नावावर तोच. टूल डुप्लिकेट म्हणून दाखवतं, पण पत्ता ठेवायचा कोणाचा हे त्याला काय ठाऊक, ते एचआरला आणि जुन्या माणसांनाच विचारायला लागतं. त्यामुळे ॲक्सेप्ट दाबून सगळ्या सूचना एका झटक्यात मान्य करू नका हो. एडिट, रिमूव्ह की कम्प्लीट हे ओळ वाचून ठरवा, कम्प्लीट म्हणजे आहे ते ठीक आहे, हात लावू नको. अप्लाय केल्यावर जुन्या व्हॅल्यूंची फाईल राहते आणि अनडू मारता येतं, हा मोठा दिलासा. आणि सुधारणा झाल्या की परत क्वेरी मारा, एकाच रेकॉर्डमध्ये एका एररच्या मागे दुसरी लपलेली असते.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण गेलेल्या माणसांची अकाउंटं याला चुकीची वाटतच नाहीत, फॉरमॅट बरोबर असला की झालं, ती तुम्हीच वेगळ्या ओयूमध्ये (एडीतला अकाउंटांचा कप्पा) टाकून सिंकमधून बाहेर ठेवायची. आणि दिसायला टूल अगदी जुनाट.

तक्ता कोरा आला तरी लगेच सगळी कंपनी सिंकला सोडू नका. एन्ट्रा कनेक्टमध्ये (सिंक करणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) आधी फक्त आयटीचा ओयू टिक करा, ते दर ३० मिनिटांनी सिंक करतं, एकदोन फेऱ्या होऊ द्या, ३६५ च्या ॲडमिनमध्ये नावं आणि पत्ते नीट उतरलेत का बघा, मग अकाउंट्स, डिस्पॅच असं एकेक घ्या. व्हेंडर घाई करेल, करू दे.